वज्रगडचं तिसरं रूप

कोल्हापूरच्या विश्राम नेर्लेकरांना खेळण्यांच्या कंपनीशी ठरलेल्या या व्यवहारात फक्त मिळवायचंच होतं. नव्या ‘वज्रगड’चा पहिला नग त्यांचा, खोक्यावर नाव त्यांचं, आणि त्यांचा जुना वज्रगड, चाळीस वर्षं न उघडलेला, जगातला एकुलता एक, सीलबंदच घरी परतणार. संग्राहकांच्या लेखी उघडलेलं खेळणं म्हणजे उष्टं ताट.

वज्रगड म्हणजे लाल ट्रक. त्याचे सांधे ठरावीक क्रमाने वळवले की यंत्रमानव उभा राहायचा. पण कारखान्यासोबत आराखडे जळाले, विकलेल्या नगांचे सांधे तुटले, आणि लहानपणी खेळलेल्या प्रत्येकाला वेगळाच क्रम आठवत होता. क्रम सापडला नाही, तर वज्रगडचा पुनर्जन्म रद्द.

“न उघडता आतलं कसं कळणार?” नाशिकच्या प्रयोगशाळेत खोकं छातीशी धरून नेर्लेकरांनी विचारलं.

“प्लास्टिक विसरत नाही, काका,” डॉ. शाल्मली पोतनीस म्हणाल्या. “सांधा वळला की आतले रेणू ओढले जातात. त्या ओढीची खूण राहते, तिला आम्ही ताणस्मृती म्हणतो. आमचा ताणदर्शक ती बाहेरूनच वाचतो. कुठली खूण कुठल्या खुणेवर बसली, ते पाहिलं की क्रम लागतो.”

“अहो, राहू द्या ना,” शेजारी चहा पीत बसलेल्या नेर्लेकरांच्या पत्नी सुनेत्राबाई म्हणाल्या. “घरी जाऊ.”

“तुला यातलं काय कळतं?” असं म्हणून नेर्लेकरांनी खोकं यंत्रात ठेवलं.

पडद्यावर सांधे एकेक करून उजळले. ट्रकचा यंत्रमानव झाला. आणि मग, जुन्या माहितीपत्रकात कुठेच नसलेला, पंख पसरलेला गरुड! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनेत्राबाई तेवढ्या चहात बघत राहिल्या.

टाळ्या थांबल्यावर अभियंता जोसेफ डिमेलो डोकं खाजवत म्हणाला, “मॅडम, पण जो सांधा कधी वळलाच नाही, त्यात स्मृती आली कुठून?”

“कारखान्यात तपासला असेल,” नेर्लेकर घाईने म्हणाले.

“तपासताना एकदा वळवतात, काका,” जोसेफ म्हणाला. “हा शेकडो वेळा वळलाय. आणि दाब बघा, वळवणारा हात डावा आहे.”

नेर्लेकर उजव्या हाताचे. सुनेत्राबाईंनी डाव्या हातातला कप बशीत ठेवला.

“तुम्ही प्रदर्शनांना गेलात की घरात सोबतीला हाच असायचा,” त्या म्हणाल्या. “खोक्याची खालची चिकटपट्टी इस्त्रीने सुटते. इस्त्रीनेच बसते.”

“आणि हा गरुड?” नेर्लेकरांनी विचारलं.

“मीच शोधला. छाती आत दाबायची, मग खांदे उलटे. तुमच्या त्या संग्राहक मंडळात कुणाला सुचलं असतं?”

ही गोष्ट या खोलीतच राहिली, तर बाहेरच्या जगासाठी खोकं अजून न उघडलेलंच होतं. शाल्मलीबाईंनी तेवढ्यात विषय बदलला. “काका, खोक्यावर तुमचं नाव मराठीत छापायचं ना?”

नेर्लेकरांनी पडद्यावरच्या गरुडाकडे पाहिलं आणि यंत्रातलं खोकं बाहेर काढलं.

“माझं नको,” ते म्हणाले. “‘क्रम आणि तिसरं रूप : सुनेत्रा नेर्लेकर’ असं छापा.”

“मग सगळ्यांना कळेल, की तुमचा नग...” शाल्मलीबाई म्हणाल्या.

“कळू दे.” त्यांनी खालच्या पट्टीत नख घातलं आणि ती टर्रकन ओढली. “अगं, बघत काय बसलीस? दाखव!”

हिशेब सरळ होता. कंपनीला क्रम मिळाला, संग्राहकांना गरुड, सुनेत्राबाईंना नाव. किंमत एकट्या नेर्लेकरांनी मोजली. पण चाळीस वर्षांत खोक्यातला माल त्यांच्या हातात आज पहिल्यांदा पडला होता.