पारवेघराचा शेवटचा दगड

"चहा घ्या आधी, आणि स्टोव्हजवळ सरका," बेकिरकाका म्हणाले. "ही माझ्या शेजाऱ्याची, इद्रिसची गोष्ट. खोटी वाटली तर सकाळी त्यालाच विचारा. सांगणार नाही तो. पण तोंड बघा त्याचं."

गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. इद्रिस आणि त्याचा धाकटा भाऊ जेलाल दरीतल्या पारवेघरात खत काढायला गेले होते. जुन्या लोकांनी कड्यात कोरलेलं घर ते. दर्शनी भिंतीवर खांब, कमानी आणि दारांसारखे दिसणारे कोनाडे. कोनाडे नुसते शोभेचे, वीतभर खोल, मागे भरीव कडा. पारव्यांना ये-जा करायला वर बारीक भोकं; माणसासाठी खरं दार एकच. ते वर्षातून एकदा उघडायचं, पारव्यांची विष्ठा खरवडून पोत्यांत भरायची आणि मुंगूस-कोल्हा शिरू नये म्हणून दार पुन्हा दगडांनी चिणायचं. शेवटचा दगड मात्र आत गेलेल्यानेच बाहेर येऊन लावायचा. हा नेम आमच्या आजोबांच्याही आधीचा.

अंधार पडला. बर्फ भुरभुरू लागला. माणूस निघेल एवढी फट ठेवून इद्रिसने दगड रचले.

"आटप रे! नवरीसारखा नटतोयस का आत?"

"तू पोती उचल, दादा. तेवढंच जमतं तुला!" जेलाल आतून हसला.

थोड्या वेळाने मागून आवाज आला. "आलो मी."

जेलालचाच आवाज. इद्रिसची बोटं गारठली होती. त्याने वळून पाहिलं नाही. "मग शेवटचा लाव तू."

"तूच लाव, दादा."

मागून एक हात दगड देत गेला. इद्रिस लावत गेला. शेवटचासुद्धा.

मग आतून...

"दादा? अंधार का झाला?"

इद्रिस वळला. मागे कोणी नव्हतं. बर्फावर फक्त त्याच्याच बुटांचे ठसे.

त्याने नखांनी दगड उपसले. बॅटरी मारली. अर्धं भरलेलं पोतं. खरवडणी. पारवे गप्प. जेलाल नाही.

"दादा... काढ ना."

आता आवाज बाहेरून येत होता. दाराशेजारच्या कोनाड्यातून.

काका थांबले.

"मग?" लहानग्या आयतेनने हळूच विचारलं.

"मग काय, पोरी. रात्रभर कुदळ मारली त्याने. आत दगड. त्याच्या आत दगडच. आवाज बारीक होत गेला... उजाडायच्या आधी थांबला. पोलिसांनी सगळी दरी पालथी घातली."

काकांनी ग्लास खाली ठेवला.

"अजूनही बर्फ पडला की ती भिंत पांढरीफटक होते. त्या एका कोनाड्यात बर्फ टिकत नाही. मी हात लावून पाहिलाय. दगड कोमट लागतो. अंगासारखा."