दहा म्हणेपर्यंत

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात तो व्हीआरचा चष्मा आला, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. डोळ्यांवर डबा बांधायचा, दोन्ही हातांत एकेक रिमोट धरायचा आणि खोट्या कड्यावर चढायचं. पायांना काही काम नाही. पकड दिसली की हात लांबवायचा, बटण दाबून धरायचं, अंग वर ओढायचं. बटण सुटलं की खाली. खांदे आखडलेल्या पेशंटना व्यायामाचा कंटाळा येतो, म्हणून ही युक्ती.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज खेळून बघितलं आणि मला चटकच लागली. जेवण उरकलं की आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचं आणि वीस मिनिटं चढायचं. दुसऱ्या टप्प्यावर एक बाहेर झुकलेला खडक होता, तो महिनाभर मला दाद देत नव्हता. रोज तिथूनच पडायची आणि रोज स्वतःशी हसायची. त्या दिवसांत माझं हसणं काय ते तेवढंच.

कारण बाकीचा दिवस हात हलवण्यातच जायचा. सकाळी बाबांचे, दिवसभर परक्यांचे, संध्याकाळी पुन्हा बाबांचे. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली. त्याआधी चाळीस वर्षं ते उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. सुरुवातीला मी त्यांना केंद्रात आणायची. एकट्या उजव्या हाताने ते तिसऱ्या पकडीपर्यंत पोचले, आपटले, आणि याला कडा म्हणतात होय, असं म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला. आता ते उठतही नव्हते. डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितले होते.

दिवसा आत्या त्यांच्याजवळ बसायची. मी थकले होते, अगदी हाडांपर्यंत. एकदा चादर बदलताना मनात आलं, आता सुटू देत एकदाचे. नंतर दिवसभर मला आरशात बघवेना.

त्या खेळात एक सोय आहे. आधी चढून गेलेल्या माणसाचे हात करडे दिसतात, म्हणजे वाट कळते. सोमवारी त्या झुकलेल्या खडकावर असा एक करडा हात दिसला. उजवा. पकड धरण्याआधी तो बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकून बघत होता.

ही बाबांची सवय. फळी असो, कठडा असो, घरातली खुर्ची असो, दोनदा ठोकल्याशिवाय ते तिच्यावर भार टाकायचे नाहीत. जुनं रेकॉर्डिंग असेल, मी म्हटलं. पण ते तर तिसऱ्या पकडीपुढे कधी गेलेच नव्हते.

मग शेजारून डावा हात वर आला. त्यानेही दोनदा ठोकलं.

मशीन बघणाऱ्या टेक्निशियनला विचारलं. त्याने रेकॉर्डिंगं एकमेकांत मिसळतात म्हणून सांगितलं आणि सगळी पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी ते हात चांगले दहा फूट वर होते.

संध्याकाळी मी आत्याला आडून आडून विचारलं, दिवस कसा गेला.

"झोपूनच असतो गं," ती म्हणाली. "दुपारी मात्र धाप लागते. कुठे चढून आल्यासारखी."

मी बाबांचा डावा हात हातात घेतला. पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा तो पडून होता.

शुक्रवारी मी तो खडक पार केला. करडे हात जिथे ठोकत होते, तिथे मी धरत होते. खरं सांगते, इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. लहानपणी जिना चढताना मी बाबांच्या मागेच असायची, तसं वाटत होतं. वरची कडा हातभरावर आली.

तिथे करडा उजवा हात निसटला.

डावा लटकत राहिला. मग तो वळला आणि त्याने माझं मनगट धरलं.

रिमोट थरथरला. ताण आला की तो थरथरतोच. पण मनगटावर मला पाच बोटं वेगवेगळी जाणवली. काय पकड होती. आठ महिने मी याच पकडीसाठी झटत होते.

पेशंटच्या हाताला पकड आली की आम्ही दहापर्यंत मोजतो. बारा वर्षं, दिवसाला पन्नास वेळा. माझं तोंड आपोआप सुरू झालं.

"एक. दोन. तीन."

पकड घट्ट होत गेली.

"आठ. नऊ. दहा. छान. सोडा आता."

माझे सगळे पेशंट ऐकतात. त्या हातानेही ऐकलं.

चष्मा काढला तेव्हा फोन वाजत होता. आत्या होती. रडत रडत तिने सांगितलं, की बाबांनी डाव्या हाताने पलंगाची दांडी गच्च धरली होती. तिला इतका आनंद झाला की ती मला फोन लावायला धावली. तेवढ्यात बोटं उघडली आणि श्वास थांबला.

"कुणीतरी सांगितल्यासारखी उघडली गं," ती म्हणाली.

मी रिमोट खाली ठेवले आणि घरी निघाले.

पंधरा दिवसांनी मी कामावर परतले. एकदाच बघू म्हणून चष्मा लावला. करडे हात नव्हते. झुकलेल्या खडकावर लटकले आणि कानाशी कुणीतरी शांतपणे मोजू लागलं. एक. दोन. तीन. आवाज माझाच होता. मी चष्मा ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी मोजणी चारपासून सुरू झाली. सहाला मी चष्मा काढला.

तिसऱ्या दिवशी आतल्या खोलीला कुलूप लावलं. बाहेर एका आजोबांची मूठ माझ्या हातात होती. मी 'एक' म्हणणार, तोच त्यांनी कान टवकारून बंद दाराकडे बघितलं.

"तुम्ही तर इथे आहात," ते म्हणाले. "मग आत सात कोण म्हणालं?"