चंपीने सोडलेली पिशवी

चंपीने एका दुपारी अकरा पिशव्या पानं फस्त केली, तीही पिशव्यांसकट. बारावीला मात्र तिने तोंड लावलं नाही.

चंपी ही चैतालीची बकरी, आणि पानं होती फर्नांडिसबाईंची. बाई धातुशास्त्रज्ञ. गावाबाहेरच्या बंद खाणीत अजून काही कामाचं उरलंय का, ते शोधायला आल्या होत्या. त्यांच्या खणक्या नावाच्या यंत्रमानवाने आठवडाभर रान आणि खाण पालथी घालून ती पानं तपासणीसाठी जमवली होती आणि चैतालीच्या पडवीत वाळत ठेवली होती. चैतालीचे बाबा इतके ओशाळले, की त्यांनी चंपीला शनिवारच्या बाजारात विकायचं ठरवूनच टाकलं.

चैतालीला रडू कोसळलं. पण रडता रडता तिची नजर त्या उरलेल्या पिशवीवर गेली. काथ्याची दोरी आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाणारी ही बया कोवळी पानं सोडेल कशी?

“बाई, चंपीन हीच पिशवी कित्याक सोडल्यान?”

बाई थबकल्या. ती पानं खाणीतल्या मातीच्या ढिगावरची होती. त्यांनी एक पान चुरडून चाचणीच्या पांढऱ्या कागदावर दाबलं, आणि कागद गुलाबी झाला. पानात निकेल होतं, म्हणजे गाड्यांच्या बॅटऱ्यांत लागणारा धातू.

बाईंनी तिला समजावलं. ढिगात निकेल आहे, पण इतकं विखुरलेलं की खणून काढणं परवडत नाही. मुळं पाणी शोषतात तेव्हा तेही थोडं थोडं आत शिरतं. बहुतेक झाडं त्याला दारातच अडवतात. हे झाड मात्र धातुसंचयी (धातू साठवून ठेवणारं) आहे. ते निकेल पानांत भरून ठेवतं, म्हणजे किडे आणि बकऱ्या त्याच्या वाटेला जात नाहीत. पानं कापून बंद भट्टीत जाळली, की पान जळतं, धातू राखेत उरतो. टोपलीभर मातीतलं निकेल मूठभर राखेत मिळतं, आणि मातीही हळूहळू स्वच्छ होते.

मग बाई चैतालीच्या बाबांकडे वळल्या. “चंपीक इकू नको, बाबल. माका ती कामाक होयी.”

पुढच्या पावसाळ्यात जवळपास बोडक्या ढिगावर त्याच झाडाच्या हिरव्या रांगा डोलू लागल्या. खणक्या आता सापडेल ते नवं पान आधी चंपीपुढे धरतो. बहुतेक वेळा ती ते मटकावते. काल मात्र तिने एक निळसर पान हुंगलं आणि मान फिरवली. आनंदाने तिचा मुका घेऊन चैताली पांढरा कागद आणायला धावली.