उबाळे बाईंच्या नाडीचे ठोके

"बाई, तुम्ही वर्गात दिवसभर उभ्याच असता. मग जिना चढताना एवढी धाप का लागते?"

सातवीतल्या मृण्मयीने हे विचारलं, तेव्हा भूगोलाच्या उबाळे बाई दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबल्या होत्या. बाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. त्याच सकाळी मुख्याध्यापक म्हणाले होते, "डोंगरावरच्या हवामान केंद्राची सहल यंदा राहू द्या. पाचशे पायऱ्या तुम्हाला झेपणार नाहीत. मुलांना ड्रोनमधून दाखवू."

सन २०४८ मधली ही गोष्ट. तेव्हा शाळाशाळांत आरोग्य-यंत्रमानव असत. या शाळेतल्याचं नाव स्पंदन. त्याने बाईंची नाडी पाहिली.

"बसल्या जागी मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके," तो म्हणाला. "उभं राहून पाय दुखतात, पण हृदयाचं काम फारसं वाढत नाही. काम वाढलं, तरच ते बळकट होतं."

"या वयात?"

"या वयातसुद्धा. मात्र आधी डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी तपासून होकार दिला. बाई थेट मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, मला सोळा आठवडे द्या. सहल मीच नेणार."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अर्धा तास झपाझप चालणं सुरू झालं (झपाझप म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने). शेजारच्या गल्लीतली मृण्मयीही सोबत येई. आठवड्यातून दोनदा बाई हात न टेकता खुर्चीवरून उठायचा-बसायचा व्यायाम करत.

तिसऱ्या आठवड्यात गुडघा ठणकू लागला. त्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आलेले.

"सोडून देऊ का गं?" बाईंनी विचारलं. मग गुडघा चोळत स्वतःच म्हणाल्या, "नाही. उद्या दहाच मिनिटं चालू, पण चालू."

दहाची पंधरा झाली, पंधराची पुन्हा तीस.

बाराव्या आठवड्यात स्पंदनने आकडा सांगितला : चौऱ्याहत्तर. मृण्मयी घाबरली. "अरे, बाईंचं हृदय मंद पडलं!"

स्पंदनने तिच्यापुढे रिकामी बादली ठेवली. "ही कपाने भर."

तीस वेळा पाणी ओतल्यावर बादली भरली. मग ती रिकामी करून त्याने हातात तांब्या दिला. या वेळी दहाच खेपा लागल्या.

मृण्मयी तांब्या उंचावत म्हणाली, "म्हणजे बळकट हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. म्हणून कमी ठोक्यांत भागतं!"

"अगदी बरोबर. हे स्पंद-आयतन (एका ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारं रक्त). शिवाय पायांचे स्नायूही आता रक्तातला प्राणवायू अधिक चांगला वापरतात. म्हणून धाप कमी लागते. पण चालणं थांबलं, तर हे बळ हळूहळू ओसरतं."

सोळाव्या आठवड्यात सातवीचा वर्ग डोंगराच्या पायथ्याशी उभा राहिला. बाई दोनदा थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा चढल्या. दोनशे, साडेतीनशे, पाचशे! वर वारा भणाणत होता. बाईंचा चेहरा लाल झाला होता, पण मुलं गोळा होईपर्यंत श्वास जागेवर आला.

"वाऱ्याची दिशा कोण सांगेल?" त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं.

सगळे हात वर झाले. मागून मृण्मयीने विचारलं, "बाई, पुढच्या वर्षीच्या सातवीला इथे कोण आणणार?"

"मीच," बाई म्हणाल्या. "आणि तेव्हा एकदाच थांबेन."