पश्चिमेकडच्या घरची अम्मिणी

आमच्या पुळिंकर गावाचा फेसबुक गट मी चालवते. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे खातरजमा केल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही. घराचं नाव सांगा, मगच या. पोरं मला चेकपोस्ट म्हणतात. म्हणोत बापडी. महापुरात याच गटावर हाका घातल्या म्हणून कौलांवर अडकलेल्यांपर्यंत होड्या पोचल्या. माझी निमिषा आयर्लंडमध्ये नर्स आहे. रात्रपाळी करून आली की धक्क्याचे, कालव्यातल्या बदकांचे फोटो बघते, मग तिला झोप लागते.

अम्मिणी नावाच्या बाईनं घर सांगितलं पडिंजारे, म्हणजे पश्चिमेकडचं. असं घर आमच्याकडे वाडीवाडीत असतं. कुठली तरी असेल, म्हणून मी घेतलं.

ती स्वतः काही टाकत नसे. दुसऱ्यांच्या फोटोखाली एवढंच विचारी, "जेवलात का?" आमच्या केरळात माणूस भेटला की हेच विचारतात, त्याचा भुकेशी संबंध नसतो. उत्तरही ठरलेलं. जेवलो, तुम्ही?

"अजून नाही," ती लिही.

यावर आमचं माणूस काय म्हणणार? या की मग आमच्याकडे, म्हणायचं आणि विसरून जायचं.

धक्क्यावर चहाचं दुकान चालवणाऱ्या पोन्नम्मा चेचीनं, म्हणजे पोन्नम्माताईनं, तसं लिहिलं. "येते," असं उत्तर आलं. आलं कुणीच नाही. पण चेची वाळायला लागली. चांगली भरल्या अंगाची बाई, बघता बघता तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरू लागले. मीच तिला डॉक्टरकडे नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही.

"भात रोज लावते, टीचर," ती परतताना होडीत म्हणाली. "भांडं रोज रिकामं होतं. पण मी जेवल्याचं मला आठवत नाही."

चेची वारली त्या दिवशी चुलीजवळचं भांडं चाटूनपुसून लख्ख होतं.

मी अम्मिणीला गटातून काढलं. सदस्यांमध्ये तिचं नाव दिसेनासं झालं, फोटोंखाली प्रश्न मात्र येत राहिला. गावातली पश्चिमेकडची सगळी घरं पालथी घातली. अम्मिणी कुणालाच माहीत नव्हती. हा कुणाचा तरी चावटपणा आहे, असं मी स्वतःला बजावलं.

मग बदकांच्या एका फोटोखाली निमिषाचे शब्द दिसले. "तुम्हीच या की चेची. एकटीला घास उतरत नाही."

त्याखाली, "येते."

मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. पोरगी हसत होती. पुढचे काही आठवडे रोज हसत होती आणि रोज तिच्या गालांची हाडं थोडी वर येत होती. सुट्टी काढून ये म्हटलं, तर मिळत नाही म्हणाली.

"जेवले गं अम्मा. हे बघ," म्हणून तिनं कॅमेऱ्यासमोर भांडं धरलं. त्यात शीतही नव्हतं.

पुरावा वगैरे सगळं त्या क्षणी बाजूला राहिलं. मला माझी पोर हवी होती. मी अम्मिणीच्या त्या उत्तराखाली लिहिलं, "पोरीला सोड. माझ्याकडे ये. मी भात लावलाय."

"येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी निमिषाचा फोन आला तो तोंडात घास घेऊनच. कालपासून नुसती खातेय म्हणाली. मी पदरात तोंड घालून रडले.

माझं भांडं रिकामं होतं. मला भूक नव्हती.

त्याचं मला काही वाटलं नाही. म्हातारीचं शरीर, गेलं तर गेलं. माझ्यापाशीच हे संपणार होतं.

ओणम जवळ आला आणि निमिषाचा फोन आला. मागे कसल्या तरी घोषणा चालल्या होत्या.

"अम्मा, न सांगता येणार होते, पण राहवेना. विमानतळावर आहे. सुट्टी मिळाली."

तुला कुणी यायला सांगितलं, असं मी ओरडूनच विचारलं.

ती गोंधळली. "तूच ना. गटावर लिहिलंयस की, ओणमला सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला या."

मी गट उघडला.

माझं नाव होतं. माझा फोटो होता. खाली घराघरांतून उत्तरं आली होती. येतो. येते. सगळे येतो.

शेवटी कुणीतरी सहज विचारलं होतं, टीचर, जेवलात का?

माझ्या नावानं उत्तर दिलेलं होतं. "अजून नाही."