मागचा उजवा टायर

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या दुकानासमोर एक ट्रक थांबला. मी राइस मिलच्या एका गाडीचं चाक बॅलन्स करत होतो. ट्रकवरची ताडपत्री निघाली तेव्हा मी मशीन बंद केलं.

गोंदियात आमगाव रोडला माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. ट्रॅक्टर, बोलेरो, धानाचे ट्रक, ऑटो, असंच काम. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन गाडी माझ्या दारात पहिल्यांदाच आली होती. गडद हिरवी. मागच्या उजव्या टायरची भिंत बोटभर लांब चिरलेली.

ट्रकच्या केबिनमधून भूमिका उतरली. ती इथल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिचे वडील टेकचंद यांची ही गाडी मी लहानपणी बाजारात पाहिली होती. खाणीवरच्या कुणा साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. ते जाऊन अकरा वर्षं झाली आणि तेव्हापासून गाडी त्यांच्या मिलच्या गोदामात झाकून होती.

"उमेंद्रभाऊ," ती म्हणाली, "हिले दरेकसाचा घाट चढवाचा आहे. स्वतःच्या चाकांवर. दोन महिन्यांत."

मग तिनं सगळं सांगितलं. गाडी कुणाची, यावरून घरात वाद होता. तिचा चुलत भाऊ धर्मेंद्र रायपूरला हॉटेल चालवतो. त्याला ती इंजिन काढून हॉटेलच्या दारात मांडायची होती. शेवटी घरातली सर्वांत मोठी, दरेकसाला राहणारी शामकलाआत्या म्हणाली, जो ही गाडी चालवत माझ्या अंगणात आणन, गाडी त्याची. टेकचंद दर गुरुवारी ती दरेकसाला नेत असत, म्हणून ही अट. पहिली पाळी धर्मेंद्रची झाली. जानेवारीत तो घाटाच्या तिसऱ्या वळणावर अडकला. आता भूमिकाची पाळी होती.

"ती चाकं कोणी बसवली?" मी विचारलं.

"त्यानंच. त्याच्या नव्या गाडीसारखी दिसली पाहिजे म्हणून."

धर्मेंद्रकडे नवी अमेरिकन गाडी होती, साडेचारशे घोड्यांची, एकोणीस इंची रिमची. ती चाकं त्या गाडीला शोभतात, कारण तिचे ब्रेकच एवढे मोठे की लहान रिम बसतच नाही, आणि खालची सगळी जोडणी बारीक भिंतीच्या टायरसाठी बनवलेली. जुन्या गाडीचं तसं नसतं. साठच्या दशकात तिला चौदा इंची रिम आणि जाड भिंतीचा टायर दिला होता, आणि ती भिंत म्हणजे गाडीचा अर्धा शॉकअपच. धर्मेंद्रनं तिला अठरा इंची रिम आणि दोनशे पंचावन्नचा टायर चढवला. उंचीला इंचभर जास्त, रुंदीला तर विचारूच नका. मडगार्डच्या काठानं टायर कापला जाणार, हे कुणीही सांगितलं असतं.

असं मी समजलो.

दुपारी गाडी सपाट फरशीवर घेतली, ट्रकातून सोबत आलेली चौदा इंची जुनी चाकं परत लावली आणि टेप काढला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत चारही बाजूंनी मोजलं. पुढच्या दोन्ही बाजू सारख्या. मागची डावी बाजू ठीक. मागची उजवी दोन बोटं खाली.

पाटा, म्हणजे मागची पट्ट्यांची स्प्रिंग, थकला असेल. मागचे दोन्ही पाटे उतरवले आणि जमिनीवर शेजारी ठेवले. दोन्हींचा बाक सारखा. तरी उजव्याचा डाव्याला, डाव्याचा उजव्याला असे अदलून बसवले. गाडी खाली सोडली. मोजलं.

मागची उजवी बाजू दोन बोटं खाली.

चॅसी वाकडी असेल म्हणून दोरी लावून पाहिली. सरळ होती. मग शेजारच्या मिलमधून धान तोलायचा काटा आणला. एक मागचं चाक काट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर, असं आलटून पालटून. डावं तीनशे अठरा किलो. उजवं तीनशे सहासष्ट. डिक्की रिकामी, स्टेपनी काढलेली, पेट्रोलची टाकी बरोबर मध्ये.

अठ्ठेचाळीस किलो.

भूमिका शेजारी उभी होती. तिनं काट्याकडे पाहिलं, मग काचेतून मागच्या सीटकडे. तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

"बाबा असताना मागं उजवीकडं कोण बसे?" मी विचारलं.

"कोणीच नाही. बाबा मागं कोणाले बसूच नाही देत होते. आम्ही तिघं भावंडं पुढच्या सीटवर कोंबून जात होतो, पण मागं नाही."

"काऊन?"

"विचारलं नाही कधी," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं असतं का?"

ती गेल्यावर मी सीट वाकवून मागे शिरलो. या गाडीला मागे दार नाही. पुढच्या उजव्या सीटचा खटका दाबायचा, सीट पुढे पाडायची आणि त्या फटीतून आत जायचं. मी डावीकडे बसलो. गाडी दिवसभर शेडच्या सावलीत होती. माझ्याखालचं रेक्झिन थंड होतं. उजव्या हाताला रिकामी जागा होती. तिथे मी तळहात ठेवला.

ऊबदार होती. एका माणसाच्या बसण्याएवढीच, त्याच्या पलीकडे पुन्हा थंड.

मी हात काढून घेतला. बाहेर आलो, नळाखाली हात धुतला आणि बराच वेळ बाकड्यावर बसून राहिलो. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण आकड्यांचा आहे. काटा खोटं बोलत नव्हता. मग मी ठरवलं की कारण शोधणं हे माझं काम नाही. माझं काम टायर निवडणं आहे, आणि ज्या गाडीत एक माणूस जास्त आहे तिला एक माणूस जास्त धरूनच टायर निवडायचा असतो.

एकदा असं धरल्यावर सगळं जुळत गेलं. धर्मेंद्रच्या रुंद टायरला डावीकडे जेमतेम जागा होती, उजवीकडे ती दोन बोटंही नव्हती, म्हणून फाटला तो उजवाच. मी पंधरा इंची, सात इंच रुंद पोलादी रिम घेतली. मूळ रिमहून एकच इंच मोठी, म्हणजे भिंत जाड राहते. पुढे दोनशे पंधरा-पासष्ट, मागे दोनशे पस्तीस-साठ. चारही टायरची उंची सव्वीस इंचांच्या आसपास, कंपनीनं दिली होती तेवढीच, त्यामुळे स्पीडचा काटाही खरा. मागची रिम किती आत, किती बाहेर बसेल हे बघून अशी निवडली की उजवीकडे गाडी दाबली गेली तरी टायर आणि मडगार्डच्या काठामध्ये अंगठा जाईल. असे टायर इकडे मिळत नाहीत. मुंबईहून यायला एकोणीस दिवस लागले. मागच्या उजव्यात मी दोन पौंड हवा जास्त भरली.

बसवल्यावर गाडी पाहिली आणि मला पहिल्यांदा ती पूर्ण वाटली. धर्मेंद्रच्या चाकांवर ती उसनी चप्पल घातल्यासारखी दिसायची. आता ती जमिनीवर पाय रोवून उभी होती.

मार्चच्या एका गुरुवारी सकाळी आठला आम्ही निघालो. भूमिका गाडी चालवत होती. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मी उजव्या सीटवर. मागून धर्मेंद्र त्याच्या नव्या गाडीतून येत होता, खात्री करायला. निघायच्या आधी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला होता, "भैया, पंद्रह इंच? बैलगाडी लगेगी." मी मागच्या उजव्याची हवा पुन्हा तपासली.

आमगावपर्यंत आम्ही हळू चाललो. सालेकसा मागे पडलं तसं जंगल सुरू झालं. मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या आणि तो गोडसर, जड वास खिडकीतून आत येत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की भूमिकानं आतला आरसा छताकडे वळवून ठेवला आहे.

"मागचं दिसत नाही असं," मी म्हणालो.

"बाजूचा आहे न," ती म्हणाली.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर मी कान मागे लावला. टायर घासल्याचा आवाज नाही. दुसऱ्या वळणावर गाडी उजवीकडे कलली, भिंत दबली आणि परत उभी राहिली, जशी राहायला पाहिजे तशी. इंजिनचा आवाज डोंगराला लागून परत येत होता. भूमिकाच्या कपाळावर घाम होता.

तिसरं वळण डावं होतं, चढ सर्वांत उभा. धर्मेंद्रच्या टायरची जानेवारीतली काळी रेघ अजून रस्त्यावर होती.

तिनं गिअर खाली घेतला.

गाडी वळली. सगळा भार मागच्या उजव्या कोपऱ्यावर आला. माझ्या पाठीमागे रेक्झिन करकरलं, आणि माझ्या सीटची पाठ कुणीतरी धरली. आधारासाठी धरतात तशी, वरच्या काठाला, माझ्या खांद्याजवळ.

"उमेंद्रभाऊ," भूमिका समोर बघत म्हणाली, "वळून नका पाहू."

मी वळलो नाही. मी टायरचा विचार करत राहिलो. दोनशे पस्तीस. साठ. पंधरा. अंगठाभर जागा.

टायरनं धरलं.

वळण संपलं. पाठीवरची पकड सुटली.

भूमिकानं पाय दाबला आणि ती जुनी गाडी अशी झेपावली की मी हसलो. भूमिकाही हसली, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. आठही सिलिंडर गर्जत होते. बाजूच्या आरशात धर्मेंद्रची गाडी लहान होत गेली, मग पुढच्या वळणाआड दिसेनाशी झाली.

दरेकसाला आवाज आमच्या आधी पोचला होता. लोक घराबाहेर उभे होते. अंगणाच्या तोंडाशी शामकलाआत्या तांब्या घेऊन थांबली होती. ऐंशीच्या पुढची, ताठ. गाडी अंगणात थांबली तसं तिनं एकेका चाकावर पाणी घातलं. मागच्या उजव्या चाकावर जरा जास्त घातलं.

"गाडी भूमिकाची," ती म्हणाली. "आता कोणी काही बोलाचं नाही."

पाच-सात मिनिटांनी धर्मेंद्र आला, बारीक भिंतीचे टायर खड्ड्यांतून जपत. त्यानं खाली वाकून चारही टायर पाहिले, उजव्या मागच्यावर हात फिरवला आणि उठून माझा हात हातात घेतला. "मान गया, भैया," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. एकवीस वर्षांत माझ्या कामाला असा शब्द मिळाला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही.

भूमिकानं दारं लॉक केली, किल्ली मुठीत घेतली आणि आम्ही सगळे घरात गेलो. पोहे झाले, चहा झाला. आत्यानं भूमिकाच्या तोंडावरून हात फिरवला. तिचा बाप पहिल्यांदा गाडी घेऊन आला होता तेव्हाची गोष्ट सांगता सांगता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "जाऊ दे."

तासाभरानं आम्ही तिघं बाहेर आलो. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. मी सवयीनं टेप काढला आणि मागच्या दोन्ही बाजू मोजल्या.

सारख्या होत्या.

पुन्हा मोजल्या. तसूभर फरक नाही. मी हे सांगायला उठलो, तोच भूमिका काचेतून आत पाहत असलेली दिसली. दारं लॉकच होती. किल्ली तिच्याच हातात होती.

पुढची उजवी सीट पुढे पाडलेली होती. मागच्या माणसाला उतरायला पाडतात तशी.

धर्मेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. "आपने गिराई?"

मी नाही म्हणून मान हलवली.

भूमिकानं लॉक उघडलं, मी सीट सरळ करायला आत हात घातला, तर तिनं माझं मनगट धरलं. "राहू द्या तशीच," ती म्हणाली. "तुम्ही भाऊच्या गाडीत या."

म्हणून घाट उतरताना मी धर्मेंद्रच्या शेजारी होतो. पुढे ती हिरवी गाडी हलकी, डौलात चालली होती. मागच्या काचेतून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. ऊन होतं. भूमिकाचं डोकं, मोठ्या स्टिअरिंगवर तिचे दोन्ही हात, शेजारी पाडलेल्या सीटची रिकामी जागा. धर्मेंद्र गाणं लावायला वाकला. तिसऱ्या वळणावर पुढची गाडी घडीभर झाडांआड गेली.

ती पुन्हा दिसली तेव्हा सीट सरळ होती.

भूमिकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. मान मात्र थोडी उजवीकडे कलली होती, शेजारचा बोलत असला की आपण कलवतो तेवढी. आणि मधूनमधून ती डोकं हलवून हो म्हणत होती.