टेकडीवरचं मडकं

गंगाखेडकडच्या एका खडकाळ टेकडीवर मोठाल्या दगडांची रिंगणं आहेत. त्यांच्याखाली फार जुन्या काळची माणसं पुरलेली. बाहेरगावची अभ्यासक मंडळी तिथं खोदायला आली, तेव्हा मुंजाजी रोजानं त्यांच्या हाताखाली होता. एका लहानग्या सांगाड्याच्या उशाशी त्याला तळहाताएवढं काळं-तांबडं मडकं सापडलं. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानं ते रुमालात गुंडाळलं आणि घरी आणून बायकोच्या हातात दिलं. तानुबाईला मूलबाळ नव्हतं. जरा हरखेल, एवढंच त्याच्या मनात.

तिनं ते पुसून कोनाड्यात ठेवलं, पाणी भरलं. सकाळी मडकं कोरडं ठणठणीत. रोज तसंच. तडा तर कुठंच नव्हता.

"तहान लय हाय त्याला," ती म्हणाली.

मग ती त्याच्यापुढं दूधभाकरीचा काला ठेवू लागली. भाकरी थापताना त्याच्याशी बोलू लागली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण मुंजाजीनं तिला गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं.

एकदा दिवस मावळताना तो रानातून आला. आत तानुबाई गोष्ट सांगत होती. ती जरा थांबली, की कुणीतरी बारीक आवाजात म्हणे, "हं..."

तो आत शिरला. ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी ती गंगाखेडच्या बाजाराला गेली आणि मुंजाजीनं भर दुपारी मडकं टेकडीवर नेलं. मंडळी खड्डे बुजवून केव्हाच गेली होती. त्याच रिंगणात खुरप्यानं उकरून त्यानं ते पुरलं आणि मागं न बघता उतरला.

संध्याकाळी ती परतल्यावर त्यानं खरं काय ते सांगितलं. तानुबाई ओरडली नाही. रिकाम्या कोनाड्याकडं बघत म्हणाली, "मी बाजाराला गेले, माघारी येणार हाय... एवढं तरी सांगितलं का वो त्याला?"

भीतीपायी आपण काय करून बसलो, ते मुंजाजीला आत्ता कळत होतं.

उजाडताच दोघं टेकडीवर गेली. उकरलं. मडकं नव्हतं. लहान अनवाणी पावलं मात्र मातीतून उमटत गेली होती, गंगाखेडच्या वाटेनं. तानुबाई वाकून वाकून त्यांच्या मागं चालली. सडकेच्या अलीकडं, धुळीच्या फुफाट्यात, ती थबकली.

तिथून त्या पावलांशेजारी मोठ्या माणसाची पावलं सुरू झाली होती. कुठून आलेली नव्हती. तिथंच सुरू झाली होती. दोन्ही सोबतीनं डांबरापर्यंत गेली होती.

तानुबाईनं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"कुणासंगं गेलं वो ते...?"